माडावरचा निनावी माणूस

गोव्यास जाऊन आलेल्या माणसाने समुद्राविषयी, देवालयांविषयी आणि मासळीविषयी लिहावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. ती पुरी करण्याचा आमचाही विचार होता. परंतु पेडणे तालुक्यातील एका घराच्या भिंतीवर टांगलेल्या तीन छायाचित्रांनी आमच्या चार दिवसांच्या प्रवासाचा रोखच बदलून टाकला. समुद्र पाहिला, देवदर्शनेही झाली. पण परत आल्यावर आमच्या बोलण्यात वारंवार येऊ लागल्या त्या याच तीन चौकटी.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मडुरे स्थानक मागे पडले की गाडी एका लांब बोगद्यातून जाते आणि पेडण्यास येते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, तेव्हापासून उत्तरेकडून येणाऱ्या प्रवाशास गोव्याचे पहिले दर्शन घडते ते येथे. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधला हा तालुका. बार्देश, तिसवाडी व साष्टी हे महाल सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेले. पेडणे मात्र १७८८ मध्ये त्यांच्याकडे आले. डिचोली व सत्तरीही त्याच दशकात गेल्या. या मुलखास 'नव्या काबिजादी' असे नाव पडले. येथील देवळे मोडली गेली नाहीत, आणि देवळांबरोबर भजन, कीर्तन, नाटक व मराठी अक्षर हेही टिकून राहिले. घरात कोकणी बोलणारी माणसे आमच्याशी इतक्या सहजतेने मराठीत बोलत, की माळव्यात चार पिढ्या काढलेल्या आम्हांस आपल्याच मराठीतील हिंदी वळणांची थोडी लाज वाटली.

आमचा मुक्काम मांद्रे गावाच्या परिसरात होता. पाहुण्यांसाठी दोन खोल्या बाजूला काढून ठेवलेले एक जुने कौलारू घर. पुढे ओसरी, मागे विहीर आणि सभोवती माडांचे भाट. भाट म्हणजे नारळीची बाग. यजमान तिशीतले गृहस्थ होते. घराची डागडुजी करताना त्यांनी पणजीतील एका दुकानातून जुन्या छायाचित्रांच्या तीन प्रती आणल्या आणि काळ्या लाकडी चौकटींत बसवून ओसरीवर लावल्या. प्रती नव्या होत्या. मूळ छायाचित्रे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची असावीत, हे माणसांच्या पेहरावावरून दिसत होते.

पहिल्या चित्रात एक उंच माड आणि त्याच्या मध्यावर एक माणूस. अंगावर काष्टीखेरीज वस्त्र नाही. कमरेला काहीतरी गोल लोंबते आहे. दुसऱ्यात माडांच्या बुंध्याशी उभे असलेले चार पुरुष, पायांशी मडकी. तिसऱ्यात नारळांची रास आणि तिच्याजवळ बसलेल्या दोन स्त्रिया. खाली कोणाचेही नाव नव्हते. एका चित्राच्या कोपऱ्यात 'गोवा' एवढी दोनच अक्षरे पोर्तुगीज वळणाने लिहिली होती.

पहिल्या दिवशी चहा घेताना आम्ही सौभाग्यवतींना मोठ्या अधिकाराने सांगितले, ''हा पाहा नारळ उतरविणारा.'' शिक्षकाच्या अंगी शिकविण्याची खोड मुरलेली असते. ठाऊक नसलेली गोष्टही तो ठाऊक असल्यासारखी सांगून जातो. त्या वेळी ओसरीच्या पायरीवर शेजारचे एक वृद्ध बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, अंग काटक, पायांचे तळवे रुंद आणि भेगाळलेले. ते हळूच म्हणाले, ''मास्तर, तो नारळ काढीत नाही. तो सुरेचा माणूस. रेंदेर.''

आम्ही ओशाळलो. मग खुर्ची सोडून त्यांच्याशेजारी पायरीवर जाऊन बसलो आणि म्हणालो, ''काका, आता तुम्हीच हे चित्र आम्हांला वाचून दाखवा.''

त्यांनी ते खरोखरच वाचून दाखविले. माडावर चढणारी माणसे दोन प्रकारची, हा त्यांचा पहिला धडा. नारळ पाडणारा तो पाडेली. तो दीड-दोन महिन्यांनी एकदा येतो, तयार घड तोडतो आणि पुढच्या भाटात जातो. सूर काढणारा तो रेंदेर. आपण ज्याला माडी म्हणतो, तिलाच येथे सूर म्हणतात. रेंदेराचा माड ठरलेला असतो आणि त्याला त्या माडावर रोज तीनदा चढावे लागते. सकाळी व संध्याकाळी रस उतरवून घेण्यासाठी, आणि दुपारी पोय छाटण्यासाठी. चित्रातील माणसाच्या कमरेला लोंबणारी गोल वस्तू म्हणजे दुदिणे. पोखरून वाळविलेला हा भोपळा. त्यात रस ओतून घेऊन रेंदेर खाली उतरतो. माडाच्या खोडावर ठरावीक अंतराने दिसणाऱ्या काळ्या रेषा आम्ही झाडाची सालच समजलो होतो. त्या पाय ठेवण्यासाठी पाडलेल्या खाचा होत्या. ''खाचा आहेत म्हणजे हा माड सुरेचा. रोज चढायचे त्याच माडाला खाचा पाडायच्या,'' काकांनी सांगितले.

पोय म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा. ती दोरीने घट्ट गुंडाळतात, तिला हलक्या हाताने रोज ठोकतात, हळूहळू वाकवितात आणि मग तिचे टोक धारदार कातीने कापतात. ठोकणे जोराचे झाले तर पोय आतून मरते. हलके झाले तर रस सुटत नाही. रस ठिबकू लागला की टोकाला दामोणे, म्हणजे मातीचे लहानसे मडके, अडकवायचे. छाटही कागदाइतकी पातळ हवी. जाड छाट घेणाऱ्याची पोय लवकर संपते. जपून छाटणाऱ्याची महिना-दीड महिना चालते. हे सर्व चाळीस फूट उंचीवर, एका हाताने माड धरून. काका सांगत होते आणि त्यांचा उजवा हात हवेत त्या नसलेल्या पोयीवर बारीक बारीक ठोके देत होता.

काकांचे वडील रेंदेर होते, आणि वयाच्या चाळिशीपर्यंत तेही. वडिलांकडे वीस माड होते. आम्ही मनाशी हिशेब मांडला: वीस माड, दिवसाला तीन वेळा, म्हणजे साठ चढणी, चढण चाळीस फुटांची धरली तर दिवसाला २४०० फूट. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४०० फूट उंच आहे. म्हणजे हा माणूस दर सव्वादोन दिवसांनी समुद्रापासून कळसूबाईच्या माथ्याइतका चढत होता आणि तितकाच उतरत होता. काकांना हा हिशेब ऐकविला तेव्हा ते हसले. ''पावसात मोजणी वेगळी, मास्तर. ओला माड दुप्पट उंच असतो.'' अशाच एका ओल्या माडावरून त्यांचे वडील खाली आले होते. जीव वाचला, पण डावा पाय पुन्हा सरळ झाला नाही. तेव्हा काका चौदा वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांची काती त्यांनी कमरेला लावली, कारण पोय एक दिवस न छाटता राहिली की तिचा रस आटतो.

सूर म्हणजे केवळ पिण्याची वस्तू, असा आपला समज असतो. पहाटेचा ताजा रस गोड असतो. तो मडक्यात आंबू नये म्हणून आतून चुना लावतात. तो रस आटविला की माडाचा काळसर गूळ होतो. पातोळ्यांत हाच गूळ घालतात. आंबलेल्या सुरेने सान्नांचे पीठ फुगते. गोव्यातील पावाचे पीठही पूर्वी सुरेनेच फुगवीत. सूर आणखी आंबली की तिचा शिरका होतो. ख्रिस्ती घरांच्या स्वयंपाकात तो लागतोच. आणि भट्टीवर चढविली की माडाची फेणी. हिंदूंच्या घरचा गूळ, ख्रिस्त्यांच्या घरचा शिरका आणि सर्वांच्या न्याहारीचा पाव एकाच माणसाच्या चढण्यावर अवलंबून होता. पेडण्याकडे हा व्यवसाय मुख्यतः भंडारी समाजाचा. साष्टीकडे ख्रिस्ती रेंदेरांचा.

रेंदेर हा शब्द ऐकून आमचे भाषेचे कुतूहल जागे झाले. हा मूळचा पोर्तुगीज 'रेंदेइरो'. त्याचा अर्थ खंड भरणारा. त्यात माड नाही, चढणे नाही, सूरही नाही. भाट भाटकाराचे; माड वापरल्याबद्दल त्याला खंड द्यायचा आणि सरकारला कर. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्यातील मीठ व अबकारी यांची व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानातील पद्धतीशी जोडली गेली. तो करार १८९२ पर्यंत चालला. त्याच १८७८ साली मुंबई इलाख्यातही अबकारीचा नवा कायदा झाला आणि कोकणपट्टीतील भंडाऱ्यांना झाडांवरील कराचा जाच सोसावा लागला. सरकारने माड मोजला, भाटकाराने माड मोजला, आणि चढणाऱ्या माणसाला ओळख मिळाली ती त्याने भरलेल्या पैशावरून.

छायाचित्रकारानेही याहून निराळे केले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील जातिजमातींची व धंद्यांची छायाचित्रे काढून त्यांचे संग्रह छापण्याची मोठी हौस होती. 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्याच सुमारास आमच्या इंदुरात बांधकाम खात्यातील नोकरी सांभाळून लाला दीनदयाळ छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे हिंदुस्थानभर गाजले. अशा संग्रहांत राजेरजवाड्यांच्या चित्रांखाली नावे सापडतात. पाणक्या, लोहार, माडी काढणारा यांच्या चित्रांखाली बहुधा धंद्याचे नाव असते, माणसाचे नसते.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा आले, तेव्हा आम्ही त्यांना विचारले, ''हा माणूस वर चालला आहे की खाली उतरतो आहे?'' काका चौकटीजवळ गेले. चष्मा नसल्याने नाक जवळजवळ काचेला टेकवून त्यांनी प्रथम पाय पाहिले. ''वर नाही, खालीही नाही. याला थांबवलेला आहे. चढणारा दोन्ही पाय एका खाचेच्या पातळीवर आणीत नाही, आणि तोंड असे बाजूला करीत नाही.'' मग आम्हीही नीट पाहिले. माडाच्या झावळ्या धुरकट आल्या होत्या आणि माणूस मात्र रेखीव होता. त्या काळच्या काचेवर प्रतिमा उमटण्यास पुष्कळदा काही सेकंद लागत. तेवढ्यात वाऱ्याने झावळ्या हलल्या. माणूस हलला नाही. खाली उभ्या असलेल्या कोणा साहेबाने हात वर करून 'थांब' म्हटले असेल, आणि तो आपले सारे वजन हातांवर व पावलांवर तोलून, श्वास रोखून थांबला असेल. शंभराहून अधिक वर्षे तो तसाच थांबला आहे.

डिचोलीस जाण्याचा आमचा बेत ऐकून काका म्हणाले, ''नार्व्याकडे माझी बहीण आहे. तिचा नवरा पाडेली होता. त्याचाही एक फोटो आहे. पाहून या.''

म्हापशावरून अस्नोड्याच्या रस्त्याने डिचोलीस जाताना देखावा पालटतो. समुद्र मागे राहतो. पोफळीच्या बागा, झरे आणि मधूनमधून लोहखनिजाच्या खाणींनी उघडे पडलेले तांबडे डोंगर दिसू लागतात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, त्यापूर्वी या रस्त्यांवर खनिजाच्या मालमोटारींची रीघ असे. नार्व्यास श्रीसप्तकोटीश्वराचे दर्शन घेतले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये या देवालयाचे काम आरंभिल्याचा शिलालेख तेथे आहे. शके १५९०, संवत्सर, मास, तिथी, वार आणि राजाचे नाव त्यात आहे. एरवी तो लेख वाचून आमचे मन केवळ अभिमानाने भरून आले असते. त्या दिवशी अभिमानाच्या जोडीला एक विचारही आला, की ती अक्षरे दगडावर कोरणाऱ्याचे नाव काय असेल?

काकांच्या भगिनींचे घर नदीकडच्या बाजूस होते. पंचाहत्तरीच्या त्या बाई आम्हांस पाहून आधी संकोचल्या. भावाचा निरोप सांगितला तेव्हा त्यांनी शहाळी फोडून पुढे ठेवली. भिंतीवर हातभर रुंदीची एक चौकट होती. जत्रेतील छायाचित्रकाराने काढलेले चित्र. खुर्चीवर ताठ बसलेले गृहस्थ, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला सदरा, हात मांड्यांवर, मागे पडद्यावर रंगविलेला महाल. ते पाडेली होते, हे त्या चित्रावरून ब्रह्मदेवालाही कळले नसते. कोयती नाही, पायांत अडकवायचा काथ्याचा फास नाही, माडही नाही. पण बाईंनी चौकट काढून उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर शाळकरी मराठी अक्षरांत शिसपेन्सिलीने पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहिली होती. ''थोरला चौथीत होता तेव्हा लिहिले. मास्तरांनी घरातल्या माणसांची नावे लिहून आणायला सांगितली होती. त्याने कागदावर लिहिली, आणि फोटोच्या मागेही लिहिली.'' ते नाव त्या घराचे आहे. आम्ही ते येथे देत नाही. त्यांच्या नातवांना ते ठाऊक आहे, हे पुरेसे आहे.

मग त्या बाईंनी नवऱ्याचे काम सांगितले. घडावर कोयतीच्या पाठीने टकटक करून नुसत्या आवाजावरून ते तयार नारळ ओळखीत. मजुरीचे काही पैसे मिळत, काही नारळ मिळत. खाली वेचणाऱ्या बायकांना ते प्रत्येक घडाआधी ओरडून सावध करीत. पेडण्याच्या चौकटीतील त्या दोन स्त्रिया आम्हांस आठवल्या. पेडण्याच्या चित्रात काम होते आणि नाव नव्हते. येथे नाव होते आणि काम नव्हते. दोन्ही एकत्र होते ते या दोन वृद्ध भावंडांच्या स्मरणात.

परतीच्या वाटेवर हाच विषय मनात घोळत होता. काकांचे दोन्ही मुलगे नोकरीस आहेत. एक मोपाच्या विमानतळावर. तो विमानतळ याच पेडणे तालुक्यात २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. मुलांनी माडावर चढावे, अशी काकांची इच्छा कधीच नव्हती. ''माझा पाय सरळ राहिला, तेवढे पुरे,'' ते म्हणाले. ज्याने ओला माड भोगला आहे, त्याच्यापुढे परंपरेचे गोडवे गाण्याचा अधिकार आम्हां शहरवासीयांना नाही. नारळ उतरविण्यासाठी आता पायांनी चालवायची यंत्रे निघाली आहेत आणि त्यांचे शिक्षणही दिले जाते; ते योग्यच आहे. माडाचेही दिवस बरे-वाईट गेले. २०१६ मध्ये गोव्याच्या कायद्याने त्याला वृक्षांच्या व्याख्येतून वगळले, आणि लोकांनी आवाज उठविल्यावर २०१७ मध्ये तो मान त्याला पुन्हा मिळाला. माडासाठी बोलणारे पुष्कळ निघाले, याचा आनंद आहे. चढणाऱ्याचे काम संपत असेल तर संपो. पण तो कसा चढत होता आणि कोण होता, हे सांगणारे कोणी उरू नये, ही गोष्ट मनाला बोचते. पुढच्या पिढीला त्या चित्रातील खाचा सालच वाटतील, जशा आम्हांला वाटल्या.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही यजमानांपाशी एक विनंती केली. त्यांनी ती लगेच मान्य केली. काका सांगत गेले आणि आम्ही कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहीत गेलो: हा माड सुरेचा, खाचांवरून ओळखावा, कमरेला दुदिणे, दोन्ही पाय एका पातळीवर, म्हणजे चित्रासाठी थांबविलेला. दुसऱ्या चित्रातील मडक्यांपैकी दोन पाण्याची आहेत, एवढेही त्यांनी ओळखले. शेवटी आम्ही विचारले, ''नावाच्या जागी काय लिहू?'' काका थोडा वेळ गप्प राहिले. ''नाव ठाऊक नाही असे लिहा. पण रिकामी जागा सोडा. कोणाला ठाऊक असेल तर लिहील.'' ते तीन कागद यजमानांनी तिन्ही चौकटींच्या मागे चिकटविले. तळाशी काकांनी स्वतःची सही केली.

घरी परतल्यावर आम्ही आमच्या बैठकीतील पणजोबांचे छायाचित्र खाली उतरविले. पणजोबा घोड्यावर आहेत, डोक्यावर पगडी आहे, आणि लगाम धरून एक माणूस उभा आहे. पन्नासांहून अधिक वर्षे आम्ही ते चित्र पाहत आलो. लगाम धरणारा कोण, हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. देवासला आमच्या आत्याबाई आहेत, वय अठ्ठ्याऐंशी. त्यांना दूरध्वनीवरून विचारले. क्षणाचाही विलंब न लावता त्यांनी नाव सांगितले, त्याचे गाव सांगितले, आणि पटकीच्या साथीत पणजोबांची सेवा करायला तो एकटाच मागे राहिला होता, हेही सांगितले.

''आत्या, हे तुम्ही आजवर कधी बोलला नाहीत,'' आम्ही म्हणालो.

''तुम्ही कोणी विचारलेच नाही,'' त्या म्हणाल्या.

वाचकहो, आपल्या घरीही अशा चौकटी असतील आणि अशा आत्याबाईही असतील. आम्ही त्याच दिवशी पणजोबांच्या चौकटीमागे दोन्ही नावे लिहिली. एक शाईने लिहिण्यास विसरलो होतो, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गिरविले.